रेडिएटरवरचे व्होल्ट

१७ जानेवारी १९९८, बल्खाश

राउशान आज आमच्या घरी आली. चौथ्या मजल्यावरून तिसऱ्यावर, म्हणजे एकच जिना, पण तो उतरायला तिला इतकी वर्षं लागली. काखेत दोंब्रा, हातात टेपरेकॉर्डर. मी आपाचा, म्हणजे माझ्या आजीचा, जुना कोट घालून रेडिओ उघडून बसलो होतो. कोट बायकी आहे. पण आमच्या स्वयंपाकघरात काचेवर आतून बर्फ धरलंय, तेव्हा कोट कोणाचा हे बघायची सोय राहिलेली नाही.

काम असं आहे. अल्माटीच्या एका लोकवाद्यवृंदाला दोंब्रा वाजवणारी मुलगी हवी आहे. मार्च संपायच्या आत कॅसेट पाठवायची. टेपरेकॉर्डरच्या माइकने घेतलं की दोंब्र्याच्या दोन तारा कमी आणि अख्खी इमारत जास्त ऐकू येते. वडिलांचं खाकरणं, आईचा खोकला, दुसऱ्या मजल्यावरच्या झान्ना तातेचं, म्हणजे झान्नाताईचं, बाळ. थेट लाकडातून आवाज उचलता येईल का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, दोन दिवसांत करून देतो.

ती गेल्यावर आपा म्हणाली, "कॉलेजात दोन वर्षं बसून काही झालं नाही, आता दोन दिवसांत करणार."

प्रयोगशाळेत मी सरांच्या अंगावर ट्रान्सफॉर्मर फेकला असं इमारतीत सांगतात, ते खोटं आहे. टेबलावर आपटला होता. सर टेबलाच्या पलीकडे उभे होते, एवढंच.

राउशान अल्माटीला गेली तर मीही जाईन. तिथल्या कॉलेजात माफी मागून परत नाव घालीन. हे अजून कोणाला बोललेलो नाही. तिलाही नाही.

२१ जानेवारी

दोनाचे चार दिवस झाले, पण झालं. जुन्या रेकॉर्डप्लेअरच्या मुंडीतला स्फटिक काढून दोंब्र्याच्या पोटाला चिकटवला. त्याचा आवाज नखाएवढा, म्हणून दोन ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर. तो माशाच्या रिकाम्या डब्यात बसवला, म्हणजे बाहेरचं काही आत शिरायला नको. डब्यापासून एक तार काढून रेडिएटरच्या पाइपला पकडीने घट्ट बसवली. हे सगळेच करतात. पाइप तळघरातून जमिनीत गेलेला असतो, तेव्हा जमीन म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे रेडिएटर.

सकाळी तिच्या घरी लावून दिलं. वडील, तोक्तार आगा, तांब्याच्या कारखान्यात पाळीवर गेले होते. आई स्वयंपाकघरात पलंगावर. तिची छाती दर हिवाळ्यात धरते. आवाज असा स्वच्छ आला की बोट तारेवरून सरकताना ऐकू येत होतं. राउशान अर्ध्या बाह्यांच्या ब्लाऊजमध्ये वाजवत होती. त्यांचं घर इतकं उबदार कसं राहतं कोण जाणे. चौथ्या मजल्यावर ऊन जास्त लागत असेल.

२३ जानेवारी

संध्याकाळी बोलावणं. टेपमध्ये घूं असा जाड आवाज, दोंब्र्याच्या खाली अंथरल्यासारखा. मी म्हटलं, सकाळी तर नव्हता.

राउशान म्हणाली, "पापा घरी असले की येतो."

मी म्हटलं, पापा घरी असले की माझ्याही पोटात असंच होतं. ती हसली नाही. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, जणू मी आणखी काहीतरी बोलेन म्हणून. त्या नजरेवर माझा आठवडा निघेल.

तेवढ्यात तोक्तार आगा आतून आले आणि माझ्या बुटांकडे बघितलं. ते इमारतीचे प्रमुख आहेत. वीजचोराचं नाव खाली दरवाज्याच्या फळ्यावर लावतात, स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत. मी बूट उचलून निघालो.

२६ जानेवारी

डबा घरी आणून सगळं उलगडलं. आधी वाटलं वीजपुरवठ्याचे कपॅसिटर सुकले. बदलले. घूं तसाच. मग वीजपुरवठाच काढून टाकला आणि बॅटरीवर चालवलं. घूं तसाच. बॅटरीत घूं कुठून येणार? रेडिएटरची तार काढली तर आवाज पातळ होऊन उलट वाढला, जसा उघड्या दारातून येतो. परत लावली. मग एकेक ट्रान्झिस्टर बदलला. सोल्डरचा एकेक डाग पुन्हा दिला. सकाळी स्वच्छ, सहाच्या पुढे घूं.

आपा विचारते, हा डबा माशांसकट बरा नव्हता का.

३१ जानेवारी

बाजारात गेलो. मागच्या रांगेत रेडिओचे सुटे भाग विकणारा स्लावा बसतो, त्याच्याकडे लष्करातून आणलेला ऑसिलोस्कोप आहे. शहरात ज्याचं जे बिघडतं ते शेवटी त्याच्या पेटीवर येऊन आडवं होतं. डबा लावला. पडद्यावर हिरवी रेघ सरळ, धोब्याच्या दोरीसारखी. स्फटिकाला टिचकी मारली तर लाट उठली, परत सरळ. स्लावाने तीन वेळा बटणं फिरवली. मग म्हणाला, सर्किटमध्ये काही नाही, घूं तुझ्या कानात आहे, आणि पोरगी कुठली ते सांग.

मी टेबलावर काही आपटलं नाही. तरी त्याने ऑसिलोस्कोप माझ्यापासून थोडा लांब सरकवला. वर मला नवे कपॅसिटरही विकले. त्याच्या मते दोष कपॅसिटरमध्येच असतो, दोष नसला तरी.

५ फेब्रुवारी

सापडलं. झान्ना तातेमुळे सापडलं.

जिन्यात भेटली. म्हणाली, "अस्खात, तुला विजेचं कळतं ना? माझा नळ चावतो." जानेवारीत तिचा रेडिएटर थंडीने फुटला होता. प्लंबरने दुसरा बसवला, सांध्याला ताग आणि तेलरंग फासून निघून गेला. तेव्हापासून संध्याकाळी बाळाला धुताना एक हात नळाला आणि कोपर रेडिएटरला लागलं की चटका बसतो. बाळाचा हात लागला तर ते किंचाळतं. नवरा गाडीवर असतो, घरी येतो तेव्हा दिवसा, आणि दिवसा काही होत नाही. त्याला वाटतं ही थंडीने वेडी झाली.

मी सुईचा मल्टिमीटर घेऊन खाली गेलो. एक पकड नळाला, एक रेडिएटरला. सुई उठली आणि वीस व्होल्टवर उभी राहिली.

म्हणजे माझ्या सर्किटमध्ये कधीच काही नव्हतं. मी सगळं ज्याच्यापासून मोजत होतो, तो रेडिएटरच शून्यावर नव्हता. या पाइपवर कोणीतरी चोरून वीज घेतोय. पद्धत जुनी आहे. घरातल्या विजेच्या मीटरच्या तारा अदलाबदल करायच्या, मग शेगडीची एक तार सॉकेटमध्ये आणि दुसरी रेडिएटरला. शेगडी लालभडक, मीटरची चकती झोपलेली. पाइप चांगला असेल तर वीज गपचूप जमिनीत जाते. सांधा गंजका किंवा असा ताग-रंगाने भरलेला असेल तर ती पाइपवरच रेंगाळते आणि ज्याचा हात लागेल त्याला चावते.

वर धावत जाऊन राउशानला सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "मग आता काय करणार?"

मी म्हटलं, चोर शोधून त्याचे दात पाडीन.

"आणि ओळखीचा निघाला तर?"

मी म्हटलं, तर जास्त पाडीन. ती चहा आणायला आत गेली ती आलीच नाही. आईला काही लागलं असेल.

९ फेब्रुवारी

नवल झालं. तोक्तार आगा स्वतः आमच्या दारात. आपा गडबडून उभी राहिली. ते म्हणाले, "अस्खात, तुला तारांचं कळतं म्हणतात. आमचा बोकड मंद झालाय."

बोकड म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या नळीवर तार गुंडाळून घरी केलेली शेगडी. या हिवाळ्यात कारखान्याचं गरम पाणी वरपर्यंत चढतच नाही, सगळं शहर बोकडांवर जगतंय. मी विचारलं, वर येऊन बघू का. ते म्हणाले, नको, नुसती तार करून दे, बाकी मी बघतो. त्यांच्या मागे जिन्यात राउशान उभी होती. ती म्हणाली, "पापा, त्याला कशाला सांगता?" ते म्हणाले, पोरगा हुशार आहे, जरा काम शिकेल.

पोरगा हुशार आहे. हे मी लिहून ठेवतो.

१० फेब्रुवारी

दिवसभर तार वळली. माझ्याकडची सगळ्यात जाड नायक्रोम वापरली, म्हणजे वीज जास्त खेचेल आणि बोकड चांगला पेटेल. तिच्या आईला ऊब मिळेल, आणि आगांना कळेल कोणी केलं. नेऊन दिली. आगांनी दारातच घेतली आणि खांद्यावर थाप मारली.

१२ फेब्रुवारी

झान्ना तातेकडे सुई साठवर. चोर माजलाय.

ताते आता बाळाला सकाळी धुते. बाळ मात्र भिंतीला धरून उभं राहायला शिकलंय, आणि या घरात धरायला सगळ्यात उबदार, सोयीची जागा म्हणजे रेडिएटर. त्याला लागून नळ. तिने रेडिएटरभोवती पलंगाची पाठ उभी केली आहे. बाळाला ती पाडायला फार आवडतं.

१४ फेब्रुवारी

चोर पकडला. पहिल्या मजल्यावरचा आंद्रेय गेन्रिखोविच. जर्मन म्हातारा, मुलगा जर्मनीला निघून गेला, हा एकटा राहतो.

इमारतीचे प्रमुख म्हणून तोक्तार आगांना बरोबर नेलं. ते आधी म्हणाले, घाई नको. मी म्हटलं, आगा, खाली बाळ आहे. मग आले. आत गेल्यावर बघतो तर रेडिएटरच्या पाइपला तांब्याची तार, पकडीने घट्ट. म्हातारा म्हणाला, ती रेडिओची आहे, जमिनीची तार नसेल तर जर्मनीचं स्टेशन लागत नाही. मी ती ओढून तोडली. मल्टिमीटर लावला. शून्य. साहजिक आहे, आमची पावलं ऐकून त्याने शेगडी बंद केली असणार.

म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्या घरी अशीच तार आहे ना रे?"

मी म्हटलं, माझी ॲम्प्लिफायरची आहे. तो हसायला लागला. मला हसणाऱ्या चोरांचा फार राग येतो. आवाज चढला, एक कप फुटला. आगा दारातच उभे होते. शेवटी मी म्हटलं, नाव लागलं पाहिजे. ते म्हणाले, तू म्हणतोस तर लावू.

लावलं. या खेपेला अक्षरं नेहमीपेक्षा लहान होती.

१६ फेब्रुवारी

सुई अजून साठवरच. म्हातारा निर्लज्ज आहे.

२० फेब्रुवारी

राउशान आली. कॅसेटचं विचारील असं वाटलं होतं. तिने म्हाताऱ्याचं विचारलं. त्याच्याकडे शून्य का आलं, हे मी सांगितलं. मग ती म्हणाली, "तू खाली मोजलंस. वर का नाही मोजत?"

मी म्हटलं, आमच्या वर तुम्हीच राहता.

"हो," ती म्हणाली.

आणि थांबली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिला वाटलं असणार मी तिच्या घरावरही नजर ठेवली आहे. मी तिला स्पष्ट सांगितलं की सगळी दुनिया पाइपला तारा लावू दे, तुमच्या घराकडे मी मल्टिमीटर नेणार नाही, तुमच्यावर माझा इतका विश्वास आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका विश्वास तिच्यावर आजवर कोणी टाकला नसेल.

जाताना ती दारात परत वळली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग म्हणाली, तुझा कोट छान आहे. आपाचा कोट.

१ मार्च

बाहेर उणे चोवीस. सुई पंचाऐंशी. प्लंबरचा सांधा दिवसेंदिवस खराब होत चालला असावा. ताते प्लंबरला तीनदा बोलावून आली. तो म्हणतो, पाणी गळतंय का? नाही ना? मग सांधा चांगला आहे.

आपाने मला विचारलं, एवढं सगळं मोजतोस, मग त्या पोरीच्या मनात काय आहे ते कळलं का. मी म्हटलं, कळलंय.

७ मार्च

आजचं नीट लिहिलं पाहिजे. जसं झालं तसं लिहितो.

झान्ना तातेचं बाळ, अल्दियार, दोन पावलं टाकायला लागलं, म्हणून आज त्याचा धागा कापायचा होता. पायांना काळा-पांढरा पीळ दिलेला धागा बांधायचा, आणि तो कापायला चटपटीत माणूस शोधायचा, म्हणजे पोर तसंच चालेल. तातेने राउशानला निवडलं. म्हणाली, आमच्या इमारतीत जिना उतरताना जिचा आवाज होत नाही अशी एकच आहे.

सगळे जमले. आपा, तातेची सासू, शेजारपाजार. तोक्तार आगा सगळ्यांत वरच्या जागी, कारण शेवटचा आशीर्वाद ते देणार. तातेने आंद्रेय गेन्रिखोविचलाही बोलावलं होतं. तो दाराजवळ बसला. आगांनी त्याच्याकडे बघितलं नाही, मीही नाही. जेवणाच्या दस्तरखानवर बाउरसाकची तळलेली बोंडं आणि लोणी, पण कोणी हात लावला नव्हता, आधी धागा.

खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत पांढरं कापड अंथरलं होतं. टोकाला सासू बसली, मखमली बंडी घालून, पाठ रेडिएटरला टेकून, हात पसरून. तिथेच ऊब आहे. पाहुणे येणार म्हणून पलंगाची पाठ उचलून बाजूला ठेवली होती. बाजूला नळ थेंब थेंब गळत होता.

मी हे बघितलं. वाटलं, ओरडावं. मग वाटलं, सणाच्या घरात, आगांसमोर, परत मीच. मी गप्प बसलो. एरवी मी कधी गप्प बसत नाही. आज नेमका बसलो.

राउशान गुडघ्यावर बसली. धाग्यात कात्रीचं पातं घातलं. आणि थांबली.

"ताते," तिने विचारलं, "नळ आजही चावला?"

"रोजच चावतो गं. काप आता, पोर कंटाळलंय."

राउशानने कात्री कापडावर ठेवली. "अस्खात, तुझा मल्टिमीटर आण."

मला वाटलं, शेवटी तिला पटलं, सगळ्यांसमोर म्हाताऱ्याचं खोटं उघडं पाडायचं आहे. एका दमात वर जाऊन आलो. एक पकड नळाला, एक पाइपला. सुई नव्वदच्या पुढे गेली. मी ती खोलीकडे वळवून धरली. तातेने सासूला हाताला धरून रेडिएटरपासून ओढलं. आपा म्हणाली, नव्वद म्हणजे किती असतं. मी म्हटलं, बाळासाठी पुरे असतं.

"जुनं यंत्र आहे," तोक्तार आगा म्हणाले. "राउशान, धागा काप."

ती उठली होती. मला म्हणाली, "सुईवरची नजर काढू नकोस," आणि बाहेर गेली.

जिन्यात तिच्या पावलांचा आवाज झाला. तिचा आवाज होत नाही म्हणतात, पण आज झाला. एक मजला. आमचा मजला. तिथे थांबली नाही. वर एक दार उघडलं.

मी सुईकडे बघत होतो. तिने सांगितलं होतं म्हणून. सुई नव्वदवर थरथरली आणि पडली. हळूहळू नाही, एकदम, शून्याच्या खुंटीवर टक् असा आवाज झाला. इतक्या माणसांत तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

कोणी तोक्तार आगांकडे बघितलं नाही. सगळ्यांनी नजर सुईवर ठेवली, कारण दुसरीकडे कुठे ठेवायची हे कोणाला कळत नव्हतं.

राउशान परत आली. गुडघ्यावर बसली, कात्री उचलली, धागा कापला. सासू परत टोकाला बसली, तातेने बाळाचे हात सोडले. ते कापडावरून डुलत, अर्धवट पडत सासूपर्यंत गेलं, तिला ओलांडून रेडिएटरला पोचलं आणि त्यावर तळहात ठेवून आमच्याकडे वळून हसलं. दुसरा हात नळाला लागला. काही झालं नाही.

मग आशीर्वाद. आगांनी हात पुढे केले, तळवे वर. सगळ्यांनी केले. ते तसेच राहिले, शब्द येईना. शेवटी सासू दाराकडे बघून म्हणाली, "आंद्रेय, वयाने तुम्ही मोठे. तुम्ही द्या." म्हाताऱ्याने त्याच्या मोडक्या कझाकमध्ये दिला. पाय मजबूत होवोत, वाट सरळ होवो, एवढंच त्याला येत होतं. सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. तोक्तार आगांनी सगळ्यांत शेवटी फिरवले आणि काढायला वेळ लावला.

मी सुई परत तपासली. शून्य.

८ मार्च

आज बायकांचा सण. मी कोणालाच फुलं दिली नाहीत.

साठ आणि नव्वद ही वाढ माझ्या हातची होती. जाड नायक्रोम. वीज जास्त खेचेल म्हणून मीच निवडली होती. वीज त्या सांध्यात अडत होती म्हणून बोकड मंद झाला होता, पण तो मंद का झाला हे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही, आणि मी म्हणे मोजणारा.

पहिल्या मजल्यावर गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, दारात सगळं विसरलो, म्हणून आत जाऊन पाइप घासला आणि तार परत बसवली. नीट, सोल्डर करून. एक कपही नेला होता. म्हाताऱ्याने तो कप खिडकीत ठेवला. मग रेडिओ लावला आणि म्हणाला, "आता स्वच्छ लागतं. बातम्या वाईटच आहेत, पण स्वच्छ."

फळ्यावरचं नाव कोणीतरी आधीच काढून टाकलेलं होतं.

११ मार्च

संध्याकाळी झान्ना तातेकडून ठोकाठोकीचा आवाज. बघायला गेलो तर तोक्तार आगा जमिनीवर आडवे, दोन मोठे पाने घेऊन. प्लंबरचा सांधा पूर्ण सोडवून पुन्हा बसवत होते. शिवाय, सांध्याच्या दोन्ही बाजूंना जोडणारी तांब्याची जाड पट्टी. मी दारात उभा. त्यांनी हात पुढे केला, मी त्यात पाना ठेवला. काम संपेपर्यंत असंच चाललं. जाताना त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं नाही, चेहऱ्याकडेही नाही.

वरचा बोकड आता विजेच्या मीटरवरून चालतो, थोडा वेळच. राउशानच्या आईला आमच्या आपाने लोकरीची शाल नेऊन दिली. दार राउशाननेच उघडलं म्हणे. माझ्याबद्दल काही विचारलं का, असं मी आपाला विचारलं नाही.

ज्या माणसाने तिचं घर सगळ्या इमारतीसमोर उघडं पाडलं, त्याचं तोंड ती बघणार नाही. मल्टिमीटर आणायला तिनेच सांगितलं, हे खरं. पण मोजणारा मी. हे लिहून ठेवतो, म्हणजे परत परत विचार करावा लागणार नाही.

१७ मार्च

राउशान आता दुपारनंतर झान्ना तातेकडे बसून दोंब्रा वाजवते. वर त्यांचं स्वयंपाकघर थंड पडलंय आणि ताते म्हणते बाळ दोंब्रा ऐकत चालायला लागतं. माझा डबा तिथे लावलाय. काल कॅसेट झाली. तातेने मला ऐकायला बोलावलं. पूर्ण बाजू ऐकली. घूं नाही. कुठेच नाही. मध्ये एकदा बाळ खिदळतं, तेवढं राहिलं.

राउशान समोर बसली होती. मी म्हटलं, घूं गेला. ती म्हणाली, हो. कॅसेट आज पोस्टात पडली.

२५ मार्च

नौरीझ, वसंतातला नववर्षाचा सण, होऊन गेला, शहराच्या कडेच्या सरोवरावर बर्फाला भेगा पडायला लागल्या. अल्माटीहून उत्तर नाही. मी कॉलेजला पत्र पाठवलंय, माफीचं. तेही उत्तर देणार नाहीत असं वाटतं.

झान्ना तातेच्या पाइपवर मी अजून रोज जाऊन मोजतो. ती वैतागली आहे. आज म्हणाली, "अरे, त्या पाइपात आता काही नाही हे माझ्या पोरालासुद्धा कळलंय. तू नक्की काय बघायला येतोस?" मी तिला समजावलं की नवा सांधा उन्हाळ्यात सैल होऊ शकतो, एकदा शून्य आलं म्हणजे कायमचं शून्य नव्हे, निदान मेपर्यंत बघावं लागेल.

ताते म्हणाली, "बरं, मग वेळ तरी सांग. ती रोज मला विचारते, तो किती वाजता मोजायला येणार म्हणून. दुपारी दोनपासून येऊन बसते बिचारी. घरी जा म्हटलं तर म्हणते, अजून एक धून राहिली."

मी म्हटलं, सहाला. वेळ एकच ठेवली म्हणजे रोजचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात.

ताते माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसत हसत आत गेली. आतून राउशानचंही हसणं ऐकू आलं. कशाला हसल्या ते कळलं नाही. सुई शून्यावर.